छातीवरची बारा नावं

अहरोन हा इस्राएलाचा पहिला मुख्य याजक, मोशेचा थोरला भाऊ. निर्गमाच्या पुस्तकात त्याच्या पोशाखाचं बारकाईनं वर्णन आहे. छातीवर ऊरपट, एक वीत लांब नि एक वीत रुंद. त्यावर तीन-तीन रत्नांच्या चार ओळी आणि प्रत्येक रत्नावर एकेका वंशाचं नाव कोरलेलं. ही १२ नावं हृदयावर घेऊनच त्यानं पवित्रस्थानात जायचं, अशी आज्ञा होती. देवापुढे जाताना साऱ्या लोकांना बरोबर न्यायचं, हेच त्याचं काम.

या कामाची कसोटी गणनेच्या १६व्या अध्यायात लागली. मोशे आणि अहरोनाविरुद्धचं कोरहाचं बंड मोडलं आणि दुसऱ्याच दिवशी सगळी मंडळी त्या दोघांवर उलटली. बंडातली माणसं तुम्हीच मारलीत, असा आळ त्यांनी घेतला. त्याच लोकांत मरी सुरू झाली. मोशेनं सांगताच अहरोन वेदीवरचा विस्तव धुपाटण्यात घेऊन त्यांच्यात धावत गेला. फारोपुढे उभा राहिला तेव्हाच तो ८३ वर्षांचा होता. आता त्याहूनही थकलेला. मुख्य याजकानं प्रेताजवळ जायचं नाही, आईबापांच्याही नाही, असा नियमशास्त्राचा दंडक. तरी एका बाजूला मेलेले, दुसऱ्या बाजूला जिवंत, अशा जागी तो उभा राहिला. तोवर १४,७०० माणसं गेली होती. मरी तिथं थांबली.

आपल्या लातूर भागात हा अध्याय वाचताना किल्लारीचा भूकंप आठवतोच. ३० सप्टेंबर १९९३ची पहाट. दगडमातीच्या जाड भिंती आणि वरचं जड माळवद झोपलेल्या माणसांवर कोसळलं. लातूर आणि उस्मानाबाद जिल्ह्यांत हजारो माणसं गेली. त्यानंतर भर पावसात ढिगारे उपसले गेले. दगडांखालून हाक आली, की ती कुणाच्या घरातली, हे विचारत बसायला वेळ नसतो. हात आपोआप दगडाला लागतात.

अहरोन काही निर्दोष नव्हता. लोकांच्या दबावापुढे वाकून सोन्याचं वासरू त्यानंच घडवलं होतं. तरीही देवानं त्यालाच याजक नेमलं. ज्याला स्वतःला क्षमा लागली, तो आळ घेणाऱ्यांसाठीही धावू शकला.

आपल्याकडेही बांधावरून, वाटणीवरून वर्षानुवर्षं अबोला धरलेली घरं आहेत. प्रार्थनेत त्यांचं नाव घेणं त्या मानानं सोपं. पण त्या घरातलं कुणी नांदेडला किंवा लातूरला दवाखान्यात असेल, तर आज रात्री उशाशी बसायला आपण जावं. त्यांच्यासाठी करायची प्रार्थना तिथं बसूनही करता येते.