बाटलीच्या तळाशी

माझी सारी नोकरी बाटल्यांकडे पाहण्यात गेली. औषधांच्या कारखान्यात इंजेक्शनच्या कुप्या तपासणे हे माझे काम. कुपी हलकेच फिरवायची, पाच सेकंद पांढऱ्या पडद्यापुढे धरायची, पाच सेकंद काळ्यापुढे. आत एखादा तंतू, एखादा कण तरंगताना दिसला की ती बाजूला काढायची. तीसएक वर्षे हे केल्यावर माणसाच्या डोळ्यांतच एक गाळणी बसते. पंगतीत मठ्ठ्याचा पेलासुद्धा मी उजेडाकडे धरून पाहतो असे आमच्या घरी म्हणतात, आणि ते अगदीच खोटे नाही.

निवृत्तीनंतर बेल्जियममध्ये भाच्याकडे राहायला गेलो होतो. एका संध्याकाळी त्याने मला तिथल्या एका मद्यगृहात नेले. (मी पिणारा नव्हे, पण चाखायला नाही म्हणणाराही नव्हे, एवढी कबुली देऊन पुढे जातो.) त्याने ऑर्व्हाल नावाची बिअर मागवली. बेल्जियमच्या दक्षिणेला याच नावाच्या मठात ती तयार होते. वाढप्याने ती सावकाश पेल्यात ओतली, बोटभर बाटलीतच राहू दिली आणि बाटली पेल्याशेजारी ठेवून तो निघून गेला. माझा हात सवयीने बाटलीकडे गेला. दिव्यापुढे धरली, तर तळाशी मातकट धुरळा!

“अरे, ही परत दे,” मी म्हणालो.

“मामा, ते यीस्ट आहे. ते असायचंच.”

मग त्याने समजावून सांगितले. बाटली भरताना तीत थोडी साखर आणि जिवंत यीस्ट ठेवतात. यीस्ट साखर खाते. त्यातून बिअरला फेस आणणारा वायू तयार होतो. बाटलीत चुकून राहिलेला प्राणवायूही ते फस्त करते, म्हणून बिअर लवकर शिळी होत नाही. काम संपले की ते तळाशी जाऊन बसते. म्हणजे ज्याला मी घाण म्हणत होतो तो या घरचा गडी होता.

बरे, या गड्याला पेल्यात घ्यायचे की नाही, यावर देशोदेशी एकमत नाही. बव्हेरियात गव्हाची बिअर ओतताना शेवटचा भाग बाटलीत घोळवून मुद्दाम पेल्यात घेतात. तो गढूळपणा हाच तिचा मान. ऑस्ट्रेलियात कूपर्सची बाटली उघडण्याआधी आडवी करून लोळवतात. इंग्लंडात मात्र अशी बाटली ओतताना हात न हलवता गाळ मागे ठेवणे हे जुन्या वाढप्याचे कसब. आणि गंमत अशी, की इंग्रज लोक पिंपातली बिअर निवळण्यासाठी माशाच्या वाताशयाचा चिकट अर्क वापरत आले. आमच्यासारख्या शाकाहारी माणसाने स्वच्छ पेला पाहून समाधान मानावे, आणि तो स्वच्छ माशाने केलेला असावा!

माझी आई पावसाळ्यात हंड्यात तुरटी फिरवीत असे. तासाभरात पाणी काचेसारखे होई. तरी ती ते उकळायला ठेवी. मी लहानपणी विचारायचो, “आता कशाला? निवळलंय की.” ती म्हणे, “निवळलंय, पण चांगलं झालंय का कोण जाणे.” एका मिलिलिटरमध्ये सूक्ष्मजंतू दहा लाखांच्या घरात गेल्याशिवाय डोळ्यांना गढूळपणा दिसतच नाही, हे मी पुढे पुस्तकात शिकलो. आईने ते पुस्तक वाचलेले नव्हते.

मी वाचलेले होते, आणि तरीही एकदा चुकलो. एका लॉटची निर्जंतुकतेची चाचणी चालू होती. नमुना पोषकद्रवात घालून चौदा दिवस ठेवतात. द्रव गढुळला तर लॉट बाद. माल बाहेर काढण्याची वरून घाई होती. आठव्या दिवशी द्रव स्वच्छ होता, कुप्या तर स्फटिकासारख्या. मी माल सोडण्याचा कागद तयार केला. नुकतीच लागलेली एक मुलगी सहीला नाही म्हणाली. मी तिच्यावर आवाज चढवला. अकराव्या दिवशी नळीत ढग उठला. लॉट नष्ट केला गेला. मला कोणी बोलले नाही, कारण त्या कागदाची गोष्ट तिच्याखेरीज कोणाला ठाऊक नव्हती, आणि तिने ती कधीच सांगितली नाही. त्याच आठवड्यात मी एकेका तंतूपायी कितीतरी कुप्या ताठ मानेने बाद केल्या होत्या!

पण म्हणून गढूळ ते सारे थोर, असे मात्र मी म्हणणार नाही. आजकाल छोट्या भट्ट्यांतून गढूळपणाचीही ऐट आली आहे. परकी वाण शिरून आंबट झालेली बाटलीसुद्धा नैसर्गिक म्हणून खपवता येते. पाश्चरचा बिअरवरचा ग्रंथ 1876 सालचा. बिघडलेल्या बिअरमधले परके जंतू त्याने सूक्ष्मदर्शकाखाली ओळखले. नुसत्या डोळ्यांना दोन्ही गाळ सारखेच. 1883 साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत हान्सेनने एकाच पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवले, तेव्हा कुठे आपण बाटलीत कोणाला घालतो हे भट्टीवाल्याला खात्रीने कळू लागले. गाळ कुणाचा, हा प्रश्न खरा. आणि तो जातो कुठे, हा दुसरा. शिरेत जाणारा कण मी आजही बाद करीन. पोटात जाणारे यीस्ट बहुतेकांना काही करीत नाही. फार तर पोटात वारा धरतो. चवीला मात्र फरक पडतो, आणि चव ज्याची त्याची.

मला राहून राहून आठवतो तो वाढपी. त्याने गाळ ओतला नाही, फेकलाही नाही, शेजारी ठेवला. मी जन्मभर न पाहिलेल्या माणसांच्या वतीने ठरवीत आलो. रोग्याने कुपी उजेडाकडे धरून पाहावी असे कोण म्हणेल? ते दुसऱ्या कोणीतरी ठरवायचे असते, आणि चौदा दिवस थांबून ठरवायचे असते.

त्या रात्री मी गाळ तसाच ठेवून उठलो. दोन दिवसांनी पुन्हा गेलो तेव्हा बाटली घोळवून उरलेली बिअर पेल्यात घेतली.

“कशी लागली?” भाच्याने विचारले.

“कडवट,” मी म्हणालो. “आणि थोडी पावाच्या ओल्या पिठासारखी.”