शेवटच्या झाडाची जात

सेंट हेलेना म्हटलं की नेपोलियन आठवतो. आफ्रिकेच्या किनाऱ्यापासून सुमारे दोन हजार किलोमीटरवरच्या या बेटावर तो १८२१ मध्ये कैदेतच वारला. त्याच बेटाच्या डायनाज पीक या सर्वांत उंच शिखराच्या आसपास बारीक गुलाबी फुलांचं एक झाड वाढायचं. लोक त्याला सेंट हेलेना ऑलिव्ह म्हणत, पण ते होतं आपल्या बोरीच्या कुळातलं. शास्त्रीय नाव नेसिओटा एलिप्टिका. त्याच्या प्रजातीत दुसरी जातच नव्हती.

पोर्तुगीजांना १५०२ मध्ये हे बेट सापडलं आणि त्यांच्यामागून शेळ्या आल्या. शेळ्यांनी रोपं खाल्ली, माणसांनी रान तोडलं. झाड संपलं असंच सगळे धरून चालले होते, तोच १९७७ मध्ये जॉर्ज बेंजामिन या बेटावरच्या माणसाला ते दिसलं. एकच होतं.

न्यायदर्शनात जाती नित्य मानली आहे: गाय मरते, गोत्व मरत नाही. मात्र त्याच परंपरेतल्या उदयनाचार्यांनी जातीला एक अट घातली. जिथे व्यक्ती एकच, तिथे जाती मानायची नाही. आकाश एकच, म्हणून आकाशत्व ही जाती नव्हे. या झाडाचे भाईबंद पूर्वी होऊन गेले होते, तेव्हा तर्काने त्याची जाती शाबूत राहते. पण उदयनांची अट जणू झाडाच्या देहातच होती. स्वतःच्या परागांनी त्याला सकस बी जवळजवळ धरत नसे, दुसरं झाड लागे. छाट कलमंही मोठ्या मुश्किलीने जगत. १९९४ मध्ये रानातलं झाड मेलं. लागवडीतलं शेवटचं रोप वाळवी आणि बुरशीने डिसेंबर २००३ मध्ये गेलं.

मग गेलं काय? नैयायिकाच्या हिशेबी जाती अजून आहेच. प्रलयानंतर पुन्हा सृष्टी होते अशी त्याची श्रद्धा, म्हणून त्या नित्यतेला अर्थ होता. नेसिओटाला असा दुसरा फेरा दिसत नाही. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाच्या मते जाती ही कल्पनाच, खरी ती व्यक्ती. मग २००३ मध्ये एक रोप तेवढं मेलं! हेही पटत नाही. नेमका शब्द मात्र बौद्धांकडेच आहे: संतान, म्हणजे एकातून दुसरं निपजत जाणारा प्रवाह. त्यांनी तो क्षणांसाठी वापरला, मराठीत तो लेकरांसाठी रुळला. इथे तुटलं ते संतान, आणि ते शेळ्या व कुऱ्हाडी आणणाऱ्यांनी तोडलं.

याच बेटावर १९८० मध्ये, शंभरावर वर्षं नष्ट समजलेल्या एबनीची दोन झुडपं एका कड्यावर सापडली. त्यांच्या फांद्यांपासून वाढवलेली एबनी आज तिथे फुलते.