तराजूचा काटा

एका रविवारी मिस्सा आटोपल्यावर आमच्या धर्मग्रामातील एक तरुणी भेटीस आली. चांगली शिकलेली, बँकेत नोकरीस असलेली. 'फादर, मी लाइफ कोच लावला आहे,' असे तिने काहीशा संकोचाने सांगितले. पूर्वी मुलांना शिकवणी लावीत, तशी आता जगण्यालाही शिकवणी लागली, असा विचार मनात येऊन आम्हांला हसू आले. ते तिच्या नजरेतून सुटले नाही. ती म्हणाली, 'तिथे मला कोणी उपदेश करीत नाही, फादर. प्रश्न विचारतात आणि माझे बोलणे संपेपर्यंत ऐकून घेतात.'

हे वाक्य आम्हांला लागले. आमच्या दारी ऐकून घेणारे कोणी नव्हते, म्हणून तिला शुल्क भरून श्रोता शोधावा लागला काय?

कोच हा शब्द क्रीडांगणावरून जीवनात आला. टिमथी गॅलवे या अमेरिकन टेनिस-शिक्षकाने 1974 साली लिहिलेल्या ग्रंथात, खेळाडूचा खरा प्रतिस्पर्धी जाळीपलीकडे नसून त्याच्या मनात असतो, असे प्रतिपादन केले. शिक्षकाने सूचनांचा भडिमार थांबवावा, म्हणजे खेळाडूतील सामर्थ्य आपोआप प्रकट होते, हा त्याचा अनुभव. हाच विचार पुढे उद्योगधंद्यांत व व्यक्तिगत आयुष्यात शिरला. 1995 साली इंटरनॅशनल कोच फेडरेशन ही संस्थाही स्थापन झाली. उत्तर ज्याचे त्याच्यापाशी असते, मार्गदर्शकाने केवळ प्रश्न विचारावेत, हे या पद्धतीचे सूत्र होय.

शुभवर्तमानाच्या वाचकांना हे सूत्र सर्वस्वी परके वाटू नये. यरीहोच्या वाटेवर बसलेला बार्तीमय आंधळा आहे, हे सर्वांना दिसत होते. तरीही, मी तुझ्यासाठी काय करावे, असे प्रभूने त्याला विचारले. त्याची गरज प्रभूला ठाऊक नव्हती असे नव्हे. ती त्याच्या मुखातून यावी, एवढा मान प्रभूने त्या भिकाऱ्याला दिला.

हा मान देण्याची कला ख्रिस्तसभेत संत इग्नेशियस लोयोला यांनी विशेष रीतीने शिकवली. 1521 साली पाम्प्लोनाच्या लढाईत तोफगोळ्याने पाय मोडून ते घरी अंथरुणाला खिळले. त्यांना शूरवीरांच्या कथा वाचायच्या होत्या. परंतु घरात मिळाले ते ख्रिस्तचरित्र व संतचरित्रे. पडल्यापडल्या ते कधी दरबारी पराक्रमांची स्वप्ने रंगवीत, तर कधी संतांसारखे जगण्याची. दोन्ही स्वप्ने गोडच वाटत. फरक मागाहून कळे. पहिल्यानंतर मन कोरडे पडे. दुसऱ्यानंतर समाधान टिकून राही. या एका निरीक्षणातून त्यांच्या विवेकविचाराचा आरंभ झाला. पुढे मानरेसा येथील एकांतवासात त्याला आकार आला आणि 1548 साली पोप तिसरे पॉल यांनी त्यांच्या 'आध्यात्मिक साधना' या पुस्तकाला मान्यता दिली.

त्या पुस्तकात मार्गदर्शकासाठी एक सूचना आहे. साधनेच्या काळात त्याने साधकाला कोणत्याही बाजूस, अगदी व्रतस्थ जीवनाकडेही, ढकलू नये. तराजूच्या काट्याप्रमाणे मध्यावर उभे राहावे आणि निर्माणकर्त्याला त्याच्या लेकराशी बोलू द्यावे.

गुरुविद्यालयात आम्ही ही सूचना पाठ केली होती. पाळली मात्र नाही. कैक वर्षांपूर्वी एक तरुण आमच्याकडे आला. आखाती देशात नोकरी चालून आली होती. घरी केळीची वाडी आणि थकलेले वडील होते. आम्ही पंधरा मिनिटे ऐकले, चौथ्या आज्ञेचे स्मरण करून दिले आणि 'राहा' म्हणून सांगितले. तो राहिला. त्याने वडिलांची सेवा अखेरपर्यंत केली. त्यांच्या अंत्यविधीनंतर काही दिवसांनी तो म्हणाला, 'फादर, राहिल्याचे दुःख नाही. पण मी राहिलो नाही, तुम्ही मला ठेवलेत.' आमचा सल्ला कदाचित योग्यही असेल. परंतु ज्या निर्णयातून त्याची सेवा प्रेमाचे दान ठरली असती, तो निर्णयच आम्ही त्याच्या हातून काढून घेतला होता.

मग त्या तरुणीच्या कोचचेच सूत्र पुरेसे मानावे काय? आमचे मन तेथेही थांबते. उत्तर अंतरात आहे खरे. पण अंतरात एकच आवाज नसतो. तेथे भय बोलते, मत्सर बोलतो, चार लोकांची वाहवा बोलते. तुला काय हवे, या प्रश्नामागोमाग आणखी एक प्रश्न यावा लागतो: जे हवे आहे, त्याच्यापासून तू मोकळा आहेस का? धनवान तरुणाचा प्रश्न स्पष्ट होता, त्याला मिळालेले उत्तरही स्पष्ट होते. तरी तो खिन्न होऊन परतला. त्याला उणीव होती ती स्पष्टतेची नव्हे, मोकळेपणाची. शिवाय ध्येय आपण ठरवतो, पाचारण आपल्याला ऐकू येते. पाचारणात दुसरा कोणी तरी असतोच: हाक देणारा परमेश्वर, आणि ज्याच्या मुखाने ती हाक येते तो म्हातारा बाप, ते लेकरू, तो शेजारी.

त्या रविवारी आम्ही तरुणीला बसवून घेतले. बँक सोडून शिक्षिका व्हावे असे तिच्या मनात होते. 'तुम्हांला काय वाटते, फादर?' तिने विचारले. नोकरीची शाश्वती, आईवडिलांचे वय, सारे उत्तर आमच्या ओठांवर तयार होते. ते आम्ही गिळले आणि विचारले, 'मुली, शाळेचा विचार करून झोपी गेलीस, तर सकाळी मन कसे असते? आणि बँकेत राहण्याचा विचार केलास तर?'

ती बराच वेळ गप्प राहिली. 'असे कधी पाहिले नाही,' ती म्हणाली. 'आठवडाभर पाहते. पुढच्या रविवारी येऊ का?'

आम्ही 'ये' म्हणालो. एवढेच म्हणणे आम्हांला फार जड गेले.