एकाच सोन्याची दोन कामे

(शास्त्रपाठ : निर्गम ३१:१-१८, ३२:१-४, लूक २:४६-५२)



गतवर्षी कामानिमित्त झाशीस जाणे झाले, तेव्हा तेथून पुढे टहरौली ह्या गावी एका मराठी ख्रिस्ती कुटुंबाच्या भेटीस गेलो. टहरौली हे झाशी जिल्ह्यातील तहसिलीचे ठिकाण, बुंदेलखंडाच्या कोरडवाहू प्रदेशातले. तेथे मराठी घर कसे, असा प्रश्न कोणास पडेल. परंतु झाशीशी मराठी माणसाचा संबंध राणी लक्ष्मीबाईंच्याही आधीपासूनचा आहे. शिवाय झाशीचा रेल्वे विभाग २००३ सालापर्यंत मुंबईच्या मध्य रेल्वेत होता, त्यामुळे नोकरीच्या निमित्ताने तिकडे जाऊन स्थायिक झालेली मराठी घराणी आजही आढळतात. ह्या घरातले आजोबा असेच रेल्वेबरोबर गेले आणि तिकडेच प्रभूमध्ये निजले. मुलगा आता टहरौलीस नोकरी करतो. घरात आजी, सूनबाई आणि बारावीत शिकणारी नात.

रात्रीच्या जेवणानंतर आम्ही कौटुंबिक उपासनेस बसलो. आजींच्या डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आहे. जुन्या पवित्र शास्त्राची बारीक अक्षरे त्यांना दिसत नाहीत. नातीने वडिलांचा मोबाइल फोन घेतला, त्यावर मराठी शास्त्र उघडले आणि ती मोठ्याने वाचू लागली. तिचे सारे शिक्षण हिंदीत झालेले; मराठी वाचन ती केवळ आजीसाठी शिकली. ‘फळ’ ह्या शब्दाचा उच्चार तिने ‘फल’ असा केला की आजी थांबवत, “ळ म्हण बाळ, ळ.” ती हसून पुन्हा म्हणे आणि पुढे वाची.

उपासना संपल्यावर मुलीने मला विचारले, “काका, फोन जवळ बाळगणे पाप आहे का?” वडील खाली मान घालून बसले होते. हळूहळू उलगडा झाला तो असा : मागील महिन्यात त्यांनी एका सभेत भाषण ऐकले होते. फोन हा तरुणांसाठी सैतानाचा फास आहे, मुलींच्या हाती तर तो मुळीच देऊ नये, असा त्याचा आशय होता. त्या दिवसापासून फोन कायमचा बंद करावा असे त्यांच्या मनात घोळत होते. मुलीला भौतिकशास्त्राची शिकवणी लावावी तर जवळपास शिक्षक नाही. जे धडे समजत नाहीत ते ती फोनवर पाहून समजून घेते. परीक्षा चार महिन्यांवर आली होती. “फोन गेला तर माझे मास्तर गेले,” ती म्हणाली, “पण पाप असेल तर मी देऊन टाकीन.”

वाचकहो, ह्या प्रश्नाचे उत्तर देण्याआधी मला माझा एक अपराध आठवला. सुमारे तीस वर्षांपूर्वी, ईश्वरविज्ञानाचे शिक्षण नुकतेच घेतले असताना, मी एका तरुण संघापुढे संगणक व दूरदर्शन यांच्याविरुद्ध मोठ्या आवेशाने बोललो होतो. ऐकणाऱ्यांत एक मुलगा होता. आईचे दागिने गहाण टाकून तो संगणकाच्या वर्गास जात होता. त्या दिवसानंतर तो संघात फिरकला नाही. काही वर्षांनी माझे भाषांतराचे सारे काम संगणकावर होऊ लागले. ज्या यंत्रास मी धिक्कारले होते त्याच्याच साहाय्याने मी देवाचे वचन सिद्ध करू लागलो. परंतु तो मुलगा मला पुन्हा भेटला नाही. म्हणून टहरौलीत त्या मुलीला तडकाफडकी उत्तर देण्याचे धैर्य मला झाले नाही. मी म्हटले, आपण शास्त्र उघडू या.

आम्ही निर्गमाचा एकतिसावा अध्याय काढला. परमेश्वर मोशेला सांगतो की, यहूदा वंशातील बसालेल ह्याला मी नाव घेऊन बोलावले आहे आणि त्याला देवाच्या आत्म्याने परिपूर्ण केले आहे. कशासाठी? संदेश सांगण्यासाठी नव्हे, युद्धासाठीही नव्हे. तर सोने, रुपे व पितळ घडवण्यासाठी, रत्ने पैलू पाडून बसवण्यासाठी आणि लाकडावर कोरीव काम करण्यासाठी. तेथे जो इब्री शब्द आहे तो ‘होख्मा’. नीतिसूत्रांत ज्याला आपण ज्ञान म्हणतो तोच हा शब्द. इब्री भाषेने हाताचे कौशल्य आणि मनाचे ज्ञान ह्यांना दोन वेगळ्या नावांनी तोडलेले नाही. हातोडी, छिन्नी व भट्टी ही त्या काळची यंत्रे होती आणि ती चालवणारा हात देवाच्या आत्म्याने भरलेला होता. पुढे पस्तिसाव्या अध्यायात आणखी एक गोष्ट सांगितली आहे : बसालेल व त्याचा सोबती अहलियाब ह्यांच्या अंतःकरणात देवाने शिकवण्याचीही बुद्धी घातली. मिळालेली विद्या दुसऱ्यास द्यावी, हा त्या वरदानाचाच भाग होता.

परंतु पान उलटा. लगेच पुढच्या, बत्तिसाव्या अध्यायात अहरोन लोकांच्या कानांतील सोन्याची कुंडले मागून घेतो, कोरणीने त्यांना आकार देतो आणि वासरू उभे राहते. पुढे निवासमंडपासाठी लोकांनी जे सोने आणले त्यातही कुंडले होतीच. सोने तेच, कला तीच, माणसेही तीच. एका ठिकाणी देवाच्या वस्तीसाठी मंडप उभा राहतो, दुसऱ्या ठिकाणी मूर्ती. ह्यावरून सोने वाईट असे मोशेने शिकवले नाही आणि सोने निरुपद्रवी असेही शिकवले नाही. त्या सोन्यापुढे आपण गुडघे टेकतो, की ते देवाच्या व शेजाऱ्याच्या सेवेत घालतो, हा प्रश्न त्याने पुढे ठेवला.

ह्या दोन प्रसंगांच्या मध्ये काय आहे, हे आपण बहुधा वाचताना ओलांडून जातो. तेथे शब्बाथाची आज्ञा आहे. निवासमंडपाचे पवित्र काम असले तरी सातव्या दिवशी हत्यारे खाली ठेवा, असे देव सांगतो. ज्याला हत्यार खाली ठेवता येते तो त्याचा धनी. ज्याला ते ठेवता येत नाही तो त्याचा दास. त्या सभेतील भाषण सर्वस्वी निराधार होते असे मी म्हणणार नाही. मध्यरात्र उलटून गेली तरी फोनवरून न हटणारे डोळे, जुगाराच्या खेळांत बुडालेले कष्टाचे पैसे, अश्लील चित्रांनी मलिन झालेली मने आणि पडताळून न पाहता पसरवलेल्या अफवा आपण आपल्याच मंडळ्यांतून पाहत आहोत. ते वासरू खरे आहे. परंतु वासराच्या भीतीने बसालेलचे हात बांधून ठेवणे हा शास्त्राचा मार्ग नव्हे.

ह्याची साक्ष आपल्या मराठी मंडळीच्या इतिहासातच आहे, आणि तिचा धागा बुंदेलखंडाशीही जुळतो. १८९६ साली जो भीषण दुष्काळ पडला त्याची सुरुवात ह्याच बुंदेलखंडात झाली आणि पुढे तो मध्य प्रांतात व इतरत्र पसरला. पंडिता रमाबाईंना ती वार्ता कळली. तारुण्यात त्यांनी स्वतः दुष्काळात आईबाप गमावले होते. त्या मध्य प्रांतात गेल्या आणि उपासमारीने खंगलेल्या सुमारे तीनशे मुली व स्त्रियांना घेऊन आल्या. पुणे जिल्ह्यातील केडगावची जमीन त्यांचा आसरा झाली आणि तेथेच मुक्ती मिशन उभे राहिले.

रमाबाईंनी त्या मुलींना केवळ अन्न देऊन बसवले नाही. त्यांना अक्षरओळख दिली, विणकाम व शेतीसारखे उद्योग दिले आणि छापखानाही दिला. त्या काळी छापखाना म्हणजे पुरुषांच्या हातचे यंत्र. केडगावात मुली शिशाचे खिळे जुळवू लागल्या, पाने छापू लागल्या, बांधणी करू लागल्या. रमाबाईंनी स्वतः उतारवयाकडे झुकताना इब्री व ग्रीक भाषांचा अभ्यास केला आणि पवित्र शास्त्राचे भाषांतर हाती घेतले. साध्या, न शिकलेल्या बाईलाही ऐकताच कळेल अशी मराठी त्यांना हवी होती. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या प्रभूकडे गेल्या. भाषांतर पूर्ण झाले होते. संपूर्ण ग्रंथ १९२४ साली प्रसिद्ध झाला, आणि तो मुक्तीच्याच छापखान्यात, तेथील स्त्रियांच्या हातांनी छापला गेला.

वाचकहो, येथे क्षणभर थांबा. जे आश्रम दुष्काळात उपाशी मुलींना भाकरी देण्यासाठी उभे राहिले, त्याच आश्रमातून जीवनाची भाकर छापून महाराष्ट्राच्या हाती आली. ह्यालाच मी वाढ म्हणतो. यंत्र, विद्या व विश्वास ही तिन्ही तेथे एकत्र आली, आणि घेणारे हात देणारे झाले. ह्यांतील एक जरी वगळले असते तरी ते काम उभे राहिले नसते. नुसते यंत्र असते तर मजुरी झाली असती, नुसती विद्या असती तर ती कपाटात राहिली असती, आणि नुसती भावना असती तर ती अश्रूंबरोबर सुकून गेली असती.

प्रभू येशूच्या बालपणाविषयी लूक थोडकेच सांगतो, पण ते पुरेसे आहे. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसला होता. तो त्यांचे ऐकत होता आणि त्यांना प्रश्न विचारीत होता. तो ज्ञानाने, शरीराने आणि देवाच्या व मनुष्यांच्या कृपेत वाढत गेला. पुढे नासरेथात लोक त्याला सुतार म्हणून ओळखत. म्हणजे हत्यारांची सवय त्या हातांना होती. आजचे यंत्र उत्तरे क्षणात देते. तरुणांनो, ते वापरा. पण प्रश्न विचारण्याची सवय सोडू नका आणि गुरुजनांमध्ये बसणे सोडू नका. माझ्या कामातला अनुभव सांगतो. एखादा शब्द शास्त्रात कोठे कोठे आला आहे हे संगणक मला क्षणात दाखवतो. पूर्वी त्याला दिवस लागत. परंतु निवडलेला मराठी शब्द ऐकणाऱ्याच्या अंतःकरणात काय अर्थ उमटवतो, हे पाहण्यासाठी आजही कोणा वृद्ध बाईजवळ बसून तो उतारा वाचावा लागतो आणि “बाई, तुम्हांला काय कळले?” असे विचारावे लागते. तेथे यंत्र माझ्या जागी बसू शकत नाही.

त्या रात्री हे सर्व बोलून झाल्यावर मी मुलीला म्हटले, “बाळ, तू आजीला वाचून दाखवतेस तेव्हा तुझ्या हातातील फोन मंडपाच्या कामी लागलेला असतो. तू कठीण धडा समजून घेतेस तेव्हाही. तो तुला आजीपासून, झोपेपासून आणि प्रार्थनेपासून तोडू लागला, तर समज की त्याचे वासरू होऊ लागले आहे.” वडील बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, “मीही रात्री त्यावरच असतो. बंद करायचा म्हटला तो तिचा. माझे मी पाहिलेच नाही.” आजींनी कोनाड्याकडे बोट दाखवले. रात्री नऊनंतर फोन तेथे ठेवायचा असे ठरले. मुलीचा नव्हे, घराचा.

पालकहो, आपण मुलीचा फोन काढून घेतो आणि मुलाला काही बोलत नाही, हा न्याय ख्रिस्ताच्या घरात शोभत नाही. मंडळीच्या पंचांनाही माझी नम्र विनंती आहे. आपले सभागृह आठवड्यातील बहुतेक संध्याकाळी कुलूपबंद असते. त्यातील दोन संध्याकाळी तरी ते उघडा. दिवा लावा, एखादा जुना संगणक ठेवा, निवृत्त शिक्षकास बोलवा आणि प्रारंभी दोन मिनिटे प्रार्थना करा. कदाचित आईचे दागिने गहाण टाकून शिकणारा कोणी मुलगा त्या दिव्याच्या उजेडात येऊन बसेल. माझ्या भाषणाने जो गेला, तो तुमच्या दारातून परत येवो.

ज्या देवाने बसालेलचे हात आपल्या आत्म्याने भरले, तो आपल्या मुलामुलींच्या हातांना कौशल्य, बुद्धीला प्रकाश आणि अंतःकरणाला आपले भय देवो. आणि आपल्या सर्वांच्या घरांत त्याचा मंडप उभा राहो. आमेन.