आवाज कुणाचा?

‘आवाज कुणाचा?’ अशी आरोळी एकाने ठोकावी आणि बाकीच्यांनी आपल्या कॉलेजचे नाव गर्जून तिला उत्तर द्यावे, हा प्रकार स्नेहसंमेलनात नि नाट्यस्पर्धेत बसलेल्या प्रत्येकाला ठाऊक आहे. तिथे उत्तर आधीच ठरलेले असते. प्रश्न केवळ घसा मोकळा करण्यासाठी विचारायचा. परंतु हाच प्रश्न सावकाश, आरोळी न ठोकता विचारला, तर तो वाटतो तितका सोपा राहत नाही. आवाज खरोखर कुणाचा असतो? जो करतो त्याचा, की ज्याला तो ऐकावा लागतो त्याचा?

मला हा प्रश्न पडला तो मोटारीच्या एका नळीपायी. इंजिनात जळलेला वायू ज्या वाटेने बाहेर पडतो ती ही नळी. साध्या मोटारीत चारही सिलिंडरांचा धूर बिडाच्या एका आखूड, जाड तुकड्यात एकत्र येतो. बीड स्वस्त, टिकाऊ नि मुकाट. कारखान्याला तेवढे पुरते. वेगाच्या शौकिनाला ते पुरत नाही. तो त्या जागी ‘हेडर’ बसवतो. म्हणजे प्रत्येक सिलिंडराला स्वतंत्र, शक्यतो सारख्या लांबीची पोलादी नळी, आणि बऱ्याच अंतरावर चौघींचा संगम. एका सिलिंडरातून सुटलेला लोंढा पुढे धावला की त्याच्या मागे दाब कमी होतो, आणि त्या ओढीने पाठच्या सिलिंडरातला उरलासुरला धूरही बाहेर खेचला जातो. इंजिनाला श्वास सोडणे सोपे झाले, की पुढचा श्वास ते भरभरून घेते. युक्ती मोठी सुंदर आहे, यात शंका नाही.

परदेशात पुष्कळ माणसे आपल्या स्पोर्ट्स कारला हा हेडर घरीच, सुट्टीच्या दिवशी बसवतात. वर्षानुवर्षांच्या उष्णतेने गंजून चिकटलेले बोल्ट, त्यांना रात्रभर पाजलेले तेल, एखादा मान मोडून आतच राहिल्यावर होणारा संताप, नवी गॅस्केट लावल्यावर मधून कडेकडे सारख्या जोराने आवळत जाणे, आणि शेवटी गाडी सुरू केल्यावर नळ्यांवरचे तेल जळून उठणारा तो पहिला धूर. ह्या साऱ्यात जे समाधान असते ते विकत मिळत नाही. आपल्या हातांनी आपली वस्तू उघडून पुन्हा मिटवता येणे, हा माणसाचा जुना आनंद आहे. यंत्र वापरणारा आणि यंत्र जाणणारा यांच्यात मी तरी नेहमी दुसऱ्याला मान देईन.

आमच्या धाराशिव जिल्ह्यात स्पोर्ट्स कार पाहायची तर ती सोलापूर-हैदराबाद रस्त्यावर, नळदुर्ग ओलांडून उमरग्याकडे जातानाच दिसायची, आणि तीही दिसेपर्यंत गेलेली. तिची जागा इथे बुलेटने घेतली आहे. १९५५ सालापासून मद्रासेत आकाराला आलेली ही गाडी एकेकाळी फौजदाराची नि लष्करातून परतलेल्या सुभेदाराची होती. आता ती कॉलेजातून नुकत्याच बाहेर पडलेल्या पोराची आहे. बुलेटला सिलिंडर एकच, त्यामुळे संगमाचा प्रश्न नाही. हेडरच्या जागी एक वाकडी नळी, तिला आपले मेकॅनिक ‘बेंड पाइप’ म्हणतात, आणि तिच्या शेवटी सायलेन्सर. पोरे आधी बेंड पाइप बदलतात, मग सायलेन्सरमधली जाळी काढतात, किंवा सरळ ‘फटाका’ बसवतात. ज्या वस्तूचे नावच ‘गप्प करणारा’ असे आहे, तिला पैसे मोजून ओरडायला लावायचे! नामकरणाची एवढी थट्टा दुसरीकडे क्वचितच झाली असेल.

आमच्या गल्लीतल्या एका तरुणाने गेल्या दिवाळीच्या सुट्टीत हे काम अंगणातच केले. काम नेटके होते. मी जरा कुरकुरलो, तेव्हा तो म्हणाला, “काका, गाडी माझी, पैसे माझे, हात माझे. दुसऱ्याचं काय जातंय?”

आता ह्या युक्तिवादाला कायद्याचे उत्तर तयार आहे. मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम गाडीच्या मूळ घडणीत मनमानी बदल करू देत नाही, आणि २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने तेच बजावून सांगितले. वस्तीत रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबलची मर्यादा आहे, ती २००० सालच्या नियमांनी घातलेली. पण कायदा पोराला घाबरवतो, पटवत नाही. तत्त्वज्ञानाचेही उत्तर तयार आहे. जॉन स्टुअर्ट मिलने १८५९ सालीच सांगून ठेवले, की दुसऱ्याला इजा होते तिथे आपल्या स्वातंत्र्याची हद्द संपते. आगरकरांच्या पिढीने हे पाठ केले होते. गंमत अशी, की तो पोरगाही मिलशी पूर्ण सहमत आहे! ‘दुसऱ्याचं काय जातंय’ हे मिलचेच वाक्य, मराठवाडी बोलीत. त्याचे म्हणणे इतकेच, की दुसऱ्याचे काही जात नाही. आणि तो खोटे बोलत नाही. त्याला तसे खरोखरच दिसते.

का दिसते? माझ्या मते त्याचे कारण नळीच्या तोंडात आहे. ते मागे असते. गाडीवाला पुढे जातो आणि आवाज मागे राहतो. ज्या खिडकीची काच थरथरली ती त्याने कधी पाहिलेली नसते, कारण ती थरथरेपर्यंत तो पुढच्या चौकात पोचलेला असतो. चोराला निदान आपण कुणाच्या घरात शिरलो हे ठाऊक असते. हा बिचारा एका फेरीत दोनशे घरांत शिरून येतो आणि त्याला एकाचाही उंबरठा आठवत नाही. गाडी त्याची खरी. पण तिच्यातला हा एक भाग असा आहे, की जो तिच्यातून सुटताक्षणी त्याचा राहत नाही. उरतो तो ऐकणाऱ्याकडे, आणि ऐकणारा त्याला आपल्या जवळचे काहीतरी जोडतो.

काय जोडतो ते आमच्या जिल्ह्याला विचारावे. १९९२ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात किल्लारीच्या आसपास जमिनीतून गुरगुर ऐकू येत असे. मग १९९३ च्या ३० सप्टेंबरला, गणपती विसर्जनानंतरच्या पहाटे चारच्या सुमारास, सास्तूर आणि भोवतालची गावे झोपेतच दगडमातीखाली गेली. त्या पहाटेतून वाचलेली माणसे अजून आहेत, साठी-सत्तरीची. मध्यरात्री दाराशी एकाएकी गडगडाट झाला, तर त्यांच्या कानांना तो बुलेटचा आहे हे कळायला क्षणभर वेळ लागतो. तो क्षण कुणाचा? पोराने तो दिला नाही, हे खरे. पण त्याच्यावाचून तो आलाही नसता.

आणि झोपेची प्रतिष्ठा आम्हांला कुणी परक्याने शिकवायला हवी असेही नाही. तुळजापूरची भवानी वर्षातून तीनदा निजते. नवरात्राआधी घोर निद्रा, दसऱ्यानंतर कोजागिरीपर्यंत श्रम निद्रा, पौषात मोह निद्रा. मूर्ती सिंहासनावरून उचलून पलंगावर निजवतात. जिने महिषासुराला मारले तिलाही युद्धानंतर विश्रांती लागते, ही कल्पना ज्यांना सुचली, त्यांना थकलेल्या माणसाविषयी काहीतरी उमगले होते. सर्वोच्च न्यायालयाने निद्रेला मूलभूत हक्कात बसवले ते २०१२ साली, रामलीला मैदानाच्या खटल्यात. आमचे पुजारी त्याच्या कितीतरी आधीपासून पलंग घालत आले आहेत.

एक गोष्ट मात्र पोरांच्या बाजूने सांगायला हवी, कारण ती सहसा कुणी सांगत नाही. नळी बदलणे आणि बोंब मारणे ही दोन वेगळी कामे आहेत. हेडर चांगला असेल तर त्याच्यापुढे चांगला सायलेन्सरही बसू शकतो. ताकद वाढते आणि शेजारी झोपतो. उलट जाळी काढल्याने ताकद वाढतेच असे नाही. २०२० नंतरच्या गाड्यांत तर नळीतला ऑक्सिजन-सेन्सर इंधनाचे मोजमाप ठरवतो. त्याचा हिशेब न करता नळी बदलली तर इंजिन कुरकुरते, आणि मालक त्या कुरकुरीलाच दम समजतो. म्हणून ज्याला आपल्या हौसेचे नाव नीट जाणून घ्यायचे असेल त्याने स्वतःला एवढेच विचारावे: हीच नळी मुकी असती, तर मी ती बसवली असती का? ‘होय’ म्हणणारा खरा कारागीर. त्याच्या अंगणात मी स्वतः दिवा धरून उभा राहीन. तेरच्या गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यांवर थापटणे मारून कच्चे-पक्के पारखले, ती कथा आपण लहानपणी ऐकली आहे. त्या परीक्षेत जो कुरकुरला तोच कच्चा ठरला, आणि तो साक्षात नामदेव होता.

बाकी आम्हां वडीलधाऱ्यांनी फार सोवळे होण्याचे कारण नाही. वरातीतला डीजे पोरांच्या पैशाने येत नाही. सप्ताहाचा कर्णा कळसाकडे तोंड करून बांधायचा की दवाखान्याकडे, हे ठरवणारे पंच पन्नाशीचे असतात. आणि हा अंक ज्या दिवसांत तुमच्या हाती पडेल त्या दिवसांत पहाटे चारला सुतळी बॉम्ब लावण्याचा मान घरोघर कर्त्या पुरुषाचा आहे. महाराष्ट्रातल्या कित्येक शहरांत पोलीस जप्त केलेले सायलेन्सर रस्त्यावर मांडून त्यांच्यावरून रोलर फिरवतात आणि आपण टाळ्या वाजवतो. मला तो देखावा आवडत नाही. बाजारू नळकांड्यांचे दुःख नाही. पण त्या ढिगात एखादी नळी कुणीतरी वाळू भरून, तापवून, हाताने वाकवलेली असते.

आमच्या गल्लीतल्या त्या तरुणाला मी उपदेश केला नाही. एक प्रयोग सुचवला. किल्ली मित्राला द्यायची, रात्री अकराला त्याला गल्लीतून दोन फेऱ्या मारायला सांगायचे, आणि आपण आजीच्या खाटेशेजारी अंथरूण घालून पडायचे. त्याने ते हसत हसत केले. दुसऱ्या दिवशी भेटला तेव्हा आधी म्हणाला, “काका, घरातून तर लईच भारी वाटतोय.” मग थोडा थांबला. गाडी गेल्यावर अंधारातून आजी म्हणाली होती, “कोण गेलं रं?” तिला वाटले होते नातू बाहेर आहे. तो तिच्या हाताशीच पडला होता, गाडी त्याची होती आणि चालवणारा दुसराच होता. आजीला काय सांगावे, हे त्याला झटकन सुचेना.