पाऊस मिलिमीटरमध्ये, पाणी फुटांत

जुलै उजाडला की कोल्हापुरात पावसापेक्षा पाण्याची चौकशी जास्त होते. ‘किती फूट झालं?’ एवढंच विचारायचं. कुठलं पाणी, कुठं मोजलेलं, हे सांगावं लागत नाही. राजाराम बंधाऱ्यावर 39 फूट ही इशारा पातळी आणि 43 फूट ही धोका पातळी, हे आकडे तिथल्या शाळकरी पोरालाही पाठ असतात. शिवाजी पुलाच्या दगडी बांधकामाला पाणी ठरावीक जागी टेकलं की ‘मच्छिंद्री झाली’ म्हणतात आणि चहाच्या गाड्यावरचं बोलणं बदलतं. जामदार क्लबकडे पाणी आलं का, सुतारवाड्यातली कुटुंबं हलवली का, राधानगरी धरणाचे किती दरवाजे उघडले, प्रयाग चिखलीतली जनावरं बाहेर निघाली का, असे प्रश्न एकामागून एक येतात. प्रत्येक फुटाला एक गल्ली आणि एक काम जोडलेलं आहे.

आता हवामान खात्याचा इशारा पाहा. 24 तासांत 64.5 मिलिमीटरपासून पुढे मुसळधार, 115.6 पासून अति मुसळधार, 204.4 च्या वर गेला की अत्यंत मुसळधार. पिवळा म्हणजे लक्ष ठेवा, नारिंगी म्हणजे तयारीत राहा, लाल म्हणजे कृती करा. वर्गवारी शास्त्रशुद्ध आहे आणि तिची थट्टा करण्याची आपली जुनी सवय आता सोडायला हवी. मुंबईत कुलाब्याच्या जोडीला वेरावलीचं डॉप्लर रडार आलं आहे, पुढच्या तीन तासांचे अंदाज निघतात. तरीही ‘रायगडला रेड अलर्ट’ या तीन शब्दांत अलिबागचा किनाराही येतो आणि पोलादपूरचा घाटही. किनाऱ्यावरच्या माणसाने होडी ओढून घ्यायची आणि डोंगराखालच्या माणसाने घर सोडायचं, हा फरक त्या तीन शब्दांत नाही. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा त्याच शहरातल्या कुलाब्यात शंभर मिलिमीटरही झाला नव्हता. शहराला सरसकट एक रंग लावून अशा दिवशी काय साधणार?

माझं म्हणणं असं, की इशारा वेधशाळेत अर्धाच तयार होतो. एवढा पाऊस झाला तर आमच्या ओढ्याला किती पाणी येतं, पहिला रस्ता कुठला बंद होतो, कोणाच्या घरात कोण अंथरुणाला खिळलेलं आहे, शाळेची किल्ली कोणाकडे असते, हा उरलेला अर्धा भाग गावाला किंवा वॉर्डालाच लिहावा लागतो. कोल्हापूरने तो पिढ्यान्‌पिढ्या पुरात भिजत लिहिला. बहुतेक ठिकाणी ते पान कोरं आहे.

पण स्थानिक शहाणपणाचं फार कौतुकही नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये कोल्हापूर-सांगलीकडे कितीतरी घरांत ‘2005 ला पाणी पायरीपर्यंतच आलं होतं’ या भरवशावर लोक थांबले. राजाराम बंधाऱ्यावर पाणी 55 फुटांच्या वर गेलं आणि तो भरवसा बुडाला. 2021 च्या 22 जुलैला चिपळूणमध्येही व्यापाऱ्यांनी जुन्या खुणेच्या वर माल रचला होता. आदल्या पुराची खूण ही मर्यादा नव्हे. महाबळेश्वरसारख्या ठिकाणी एका दिवसात जवळपास 600 मिलिमीटर पाऊस पडू लागला, तेव्हा आजोबांच्या आठवणीला रडारची आणि नदीपात्रातल्या मोजणीची जोड लागणारच.

दुसरा अडसर जुन्या खुणेवरच्या भरवशाहून साधा आहे: इशारा पाळायला पैसे पडतात. लाल रंग पाहून कार्यालयातला माणूस घरून काम करतो. नाक्यावरचा मजूर घरी बसला तर त्याची त्या दिवशीची चूल बसते. पुलावरून पाणी वाहत असताना टेम्पो घालणाऱ्या चालकाला आपण अडाणी म्हणतो. गुडघ्याएवढं वाहतं पाणी माणसाला उचलतं आणि त्याहून थोडं जास्त झालं की गाडीही तरंगते, हे त्याला कळायलाच हवं. पण भाजी वेळेत पोहोचली नाही तर भाडं कापलं जाणार, हे त्याला आधीच कळलेलं असतं. पूरपट्ट्यातला शेतकरी बोट दाराशी आली तरी हलत नाही, कारण गोठ्यात म्हैस आहे. छावणीत चारा आणि दावण नसेल तर त्याने का निघावं? म्हणून स्थलांतराच्या योजनेत जनावरांची सोय माणसांच्या आधी लिहावी, असं मला वाटतं. हे कोणाला चमत्कारिक वाटेल, पण गोठा रिकामा झाला की घर आपोआप रिकामं होतं.

ओडिशाकडे पाहिलं की हे पटतं. 1999 च्या महाचक्रीवादळात तिथे सुमारे दहा हजार माणसं गेली. 2013 मध्ये फायलिन आलं, तेव्हा दहा लाखांच्या आसपास लोक आधीच हलवले गेले आणि मृतांचा आकडा पन्नासच्या आत राहिला. मधल्या वर्षांत अंदाज सुधारले, हे खरंच. पण चालत गाठता येतील असे निवारे उभे राहिले, गावोगावी स्वयंसेवक तयार झाले आणि निवाऱ्यात गेलं की शिजवलेलं अन्न मिळतं असा अनुभव लोकांना आला.

निवाऱ्यात रात्र काढली आणि वादळ वळून गेलं, तर ‘उगाच नेलं’ ही तक्रार येणारच. आपल्याकडे जिल्हाधिकाऱ्याने शाळांना सुट्टी दिली आणि दुपारी ऊन पडलं की पालकांच्या मोबाइलवर विनोदांचा पाऊस पडतो. त्या हशाच्या भीतीची सावली पुढच्या आदेशावर पडते आणि सही लांबते. सुट्टी वाया गेली तर एक दिवसाचा अभ्यास बुडतो. न दिलेल्या सुट्टीची किंमत वेगळी असते.

इर्शाळवाडीचं दुखणं याहून अवघड. 19 जुलै 2023 च्या रात्री डोंगर खाली आला. 27 मृतदेह हाती लागले आणि 57 माणसं बेपत्ताच राहिली. वाडी दरडप्रवण गावांच्या यादीत नव्हती. माळीण आणि तळिये इथल्या दरडींनंतरही आपण याद्यांवर विसंबलो होतो. उतारावर नवी भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर यादी न पाहता निघायचं, हे प्रत्येक डोंगरी वाडीला सांगता येण्यासारखं आहे. मात्र रात्री, भर पावसात, पोरं-म्हातारी घेऊन निघायचं ते कुठे? सलग दोन दिवस अतिवृष्टीचा इशारा असेल तर वाडी दिवसाउजेडीच खाली आणायची, तिथे राहायची-खायची सोय सरकारने करायची आणि बुडालेली मजुरीही भरून द्यायची. दहापैकी नऊ वेळा डोंगर जागचा हलणार नाही. ते नऊ वेळांचे पैसे फुकट गेले, असा शेरा लेखापरीक्षणात येणार नाही, याची तजवीज शासनाने आधी करावी. मेच्या ग्रामसभेतही एक विषय घ्यावा: खालच्या गावातल्या शाळेत आपली किती माणसं मावतात, आणि बकऱ्या कुठे बांधायच्या.