पंच्याहत्तरीची घाई

वय चोरणारी माणसं आपल्याकडे पूर्वीपासून आहेत. वय वाढवून सांगणारी मात्र एसटीच्या सवलतींनी दाखवली. पासष्ट पूर्ण झालेल्यांना अर्धं तिकीट होतंच. ऑगस्ट 2022 पासून पंच्याहत्तरी ओलांडलेल्यांचा प्रवास मोफत झाला आणि मार्च 2023 पासून सर्व वयाच्या बायकांना अर्धं तिकीट. त्यामुळे खोटं बोलायची गरज उरली ती साठीतल्या पुरुषांना आणि पंच्याहत्तरीच्या उंबऱ्यावरच्या सगळ्यांना.

कराडहून पाटणला जाणाऱ्या गाडीत माझ्या पुढच्या बाकावर ताजा कलप लावलेले एक गृहस्थ होते. त्यांनी आधारकार्डाची लॅमिनेट केलेली रंगीत झेरॉक्स पुढे केली. कंडक्टरने ती खिडकीकडे धरून तिरपी केली. जन्मसालातला एक आकडा बाकीच्यांपेक्षा जाड होता आणि ओळीच्या जरा वर बसला होता.

"काका, मूळ कार्ड?"

"घरी राहिलं. तुझ्या खिशातून जातंय का, मास्तर?"

गाडी खच्चून भरलेली, मागे निम्मी तिकिटं काढायची बाकी. मास्तरने मशीनमधून अर्धं तिकीट काढून दिलं.

तुझ्या खिशातून जातंय का, हा प्रश्न वाटतो तितका बिनतोड नाही. वाटेत तपासणी पथक चढलं तर चुकीच्या तिकिटाचा जाब आधी कंडक्टरला द्यावा लागतो. सवलतीची रक्कम राज्य सरकार महामंडळाला भरून देतं. ती यायला उशीर झाला की पगार रखडल्याच्या बातम्या आपण वाचतोच. बडे लोक कोटी बुडवतात, आमच्या वीस-तीस रुपयांचं काय घेऊन बसलात, असंही ऐकवलं जातं. बड्यांबद्दलचा राग मला पटतो. पण तो कंडक्टरवर कशाला काढायचा?

याच गाडीत एक आजी होत्या. रुमालात गुंडाळलेलं त्यांचं कार्ड खरं, त्यावरचं वय मात्र एकाहत्तर. "कोयनेचा भूकंप झाला तवा माझा थोरला रांगत होता," त्या म्हणाल्या. भूकंप डिसेंबर 1967 चा. म्हणजे आजींची पंच्याहत्तरी बहुधा मागे पडली असावी. शाळेत गेलेल्यांना निदान गुरुजींनी टाकलेला 1 जून तरी मिळाला. शाळेचं तोंड न पाहिलेल्यांचं साल आधार काढताना अंदाजाने पडलं. आजींनी मुकाट्याने अर्ध्या तिकिटाचे पैसे मोजले.

त्यांनी मोफत तिकीट मागितलं असतं, तर त्याला मी लबाडी म्हटलं नसतं. नियमाने ते मिळालं नसतं, हे खरं. पण एखाद्या सुरकुतलेल्या चेहऱ्यावर विश्वास टाकावा असं कंडक्टरच्या मनात आलं, तरी जाड आकड्याची कार्डं रोज हाताळल्यावर त्याची हिंमत कशी व्हावी? सरकारचे पैसे बुडतात त्याचा हिशोब कधीतरी लागेल. ज्यांच्यासाठी सवलत आणली त्यांच्याच कार्डाकडे संशयाने बघावं लागतं, हे नुकसान मला जास्त मोठं वाटतं.

तेव्हा वय भरलं असेल तर मूळ कार्ड हाताशी ठेवा आणि ते मागितलं म्हणून कंडक्टरवर खेकसू नका. भरलं नसेल तर पूर्ण तिकीट काढा.